सापांच्या खोलीतला बायकांचा बुधवार

मला ही नोकरी मिळाली ती मी बाई होते म्हणून. हुशारी किंवा प्राण्यांची आवड यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मी मॅट्रिक झाले होते, वडील गोंदिया जंक्शनवर मालधक्क्याचे कारकून होते, आणि घरात पाल दिसली की मी खाटेवर चढून बसत असे. अशा मुलीनं पुढची काही वर्षं साप, घोरपडी आणि कासवांच्या सहवासात काढली, आणि आज एवढ्या वर्षांनी या अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर दुसरं काही आठवत नाही, तेच आठवतं.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि भंडारा मध्य प्रदेशात. शहरातल्या काही धान-गिरणीवाल्या शेठ मंडळींनी ट्रस्ट करून एक छोटं संग्रहालय काढलं होतं. पुढच्या दालनात पेंढा भरलेला वाघ, शिंगं, पक्ष्यांची अंडी, बाटल्यांतले विंचू. मागचा व्हरांडा ओलांडला की एक लांबट कौलारू खोली, आणि तिच्यात जिवंत प्राणी. लोक पुढचं दालन भराभर चालून संपवत आणि मागच्या खोलीत तासभर उभे राहत. वाघ कितीही मोठा असला तरी तो पेंढ्याचा. इकडे बोटभर सरडा का असेना, तो डोळे फिरवतो.

पण बायका येत नसत. त्या खोलीत पुरुषांची अशी रेटारेटी चाले की घरंदाज बाई आत शिरणार कशी? म्हणून क्युरेटर तिवारी साहेबांनी बुधवार फक्त बायकांसाठी ठेवला. बायकांना दाखवायला बाईच हवी, आणि अर्ज करणारी मी एकटी.

तिवारी साहेब जबलपूरचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं सोडून इथं आले होते. मराठी समजायचं, पण बोलताना निम्म्या वाटेवर हिंदीत वळायचे. मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं, "मालतीबाई, साँप से डर लगता है?"

मी खरं सांगितलं. "हो. फार."

"अच्छा है. जिसे डर नहीं लगता, उसे मैं ये काम नहीं देता."

प्राण्यांची देखभाल मनिराम करायचा. सडक अर्जुनीकडच्या जंगलपट्टीतला गोंड, चाळिशीचा, पिळदार मिशांचा आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्यानं पहिल्याच दिवशी माझ्यासमोर अजगराची पेटी उघडली.

"हात लावा, बाई."

"नको, मनिरामभाऊ. उद्या."

"उद्या कायले? तो आज जेवून बसला हाये, उद्या भुका राहीन." मग माझा चेहरा पाहून हसला. "गंमत करून राहिलो. लावा."

मी डोळे मिटून हात लावला. साप ओला, बुळबुळीत असणार अशी माझी खात्री होती. हाताला लागलं ते कोरडं आणि थंड होतं, तेल चोपडून ठेवलेल्या चामड्यासारखं. आणि त्या कातडीखाली काहीतरी सावकाश हलत होतं. अजगर श्वास घेत होता. माझी भीती त्या दिवशी गेली नाही, पण तिला एक जागा मिळाली. ती मी नीट घडी करून ठेवली आणि कामाला लागले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, साप पाळायचे म्हणजे रोज त्यांना काही तरी चारायचं. तसं नसतं. साप आठवडाआठवडा खात नाही. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही, आणि तेव्हाच तो चिडका असतो. त्या दिवसांत त्याच्या वाट्याला जायचं नाही. पेटीत पाण्याचं पसरट भांडं हवं, लपायला कौलाचा तुकडा हवा. आमचं खरं काम हे भांडी धुणं, उंदीर मिळवणं आणि दारं बंद आहेत की नाहीत हे परत परत पाहणं. धाडस त्यात फारसं नाही. धाडस करणारा माणूस या धंद्यात फार दिवस टिकत नाही.

तिवारी साहेब आणि मनिराम यांचा एक वाद मी तिथं असेपर्यंत चालू होता. मांडूळ सहा महिने एका तोंडानं आणि सहा महिने दुसऱ्या तोंडानं चालतं, असं मनिरामचं म्हणणं. साहेबांनी मांडूळ हातात धरून त्याला शेपटी दाखवली, भिंगातून दाखवली. मनिरामनं सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "सायब, हा शयरात राहून बिगडला."

नागपंचमीला बायका दुधाचे गडू घेऊन यायच्या. त्यांना नाही म्हणणं कठीण. मग साहेबांनी युक्ती काढली. सकाळीच नागाच्या पेटीत दुधाची वाटी ठेवायची आणि काठाला कुंकवाची रेघ ओढायची. संध्याकाळपर्यंत दूध रेघेवरच. मी बायकांना म्हणायची, "पाहा, त्यानं तोंड लावलं नाही. हे दूध घरी न्या, लेकरांना पाजा." काही न्यायच्या. एका आजीबाईंनी मात्र मला सुनावलं, "तुमी पाहून राहिल्या त्याच्याकडे, तो पिईन कसा? लाजते तो."

सगळंच आम्हाला जमलं असं नाही. एकदा लाकूडतोड्यांनी खवल्या मांजर आणून दिलं. अंगभर खवले, भ्यालं की चेंडू होणारं, अतिशय गरीब जनावर. त्याला मुंग्या लागतात हे आम्हाला माहीत होतं, मनिराम टोपल्या भरभरून वारुळं आणायचा. तरी ते खंगत गेलं आणि एका सकाळी उघडलंच नाही. ते दुःख मला अजून आहे. पुढे दुसरं आलं तेव्हा साहेबांनी ते पेटीत ठेवूच दिलं नाही. मनिराम त्याच पावली त्याला जंगलात सोडून आला. आज असं प्राणी धरून ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि ते बरंच आहे.

आता ज्या बाईसाठी मी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

तिचं नाव भागरता. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावची, धानाची शेती असलेल्या घरची थोरली सून. गोंदियात तिची बहीण बिड्या वळायची, तिच्याकडे ती अधूनमधून यायची. एका बुधवारी ती इतर बायकांबरोबर आत आली. बाकीच्या तोंडाला पदर लावून किंचाळत होत्या, ही प्रत्येक पेटीपुढे उभी राहून निरखत होती. मी नागाच्या फण्याविषयी माझं पाठ केलेलं सांगत होते, तेवढ्यात तिनं मला थांबवलं.

"बाई, हे समदं बेस हाये. पन आमी चिखलात वाकून रोवणा करतो. पायाखाली काय येते ते दिसत नाई. तुमी मले येवढंच सांगा, कोनता चावला तं दवाखान्यात धावावं आन कोनता चावला तं रोवण्याले लागावं."

रोवणा म्हणजे धानाची लावणी. आमच्या पेट्या साहेबांच्या शास्त्रीय कुळांप्रमाणे लावलेल्या होत्या. शिकणाऱ्याला ते योग्य, पण चिखलात उभ्या असलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? त्याच संध्याकाळी मी साहेबांना म्हटलं, विषारी साप आणि त्याच्यासारखा दिसणारा बिनविषारी, अशा जोड्या लावू या. साहेबांनी लगेच स्वतः पेटीला हात घातला.

त्यातली सर्वांत महत्त्वाची जोडी मण्यार आणि कवड्या. दोन्ही अंगावर पट्टे असणारे, दोन्ही रात्री घरात शिरणारे. कवड्या चावला तर ओरखडा. मण्यार चावली तर बऱ्याचदा माणसाला कळतही नाही. सूज नाही, आग नाही. झोपेत चावते, आणि सकाळी पोट दुखायला लागतं. मी बायकांना शिकवायला लागले: कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. मण्यारीचे बारीक, जोडीजोडीनं, मान सोडून मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. आणि काही समजलं नाही, तर वाट पाहायची नाही, दवाखाना गाठायचा.

भागरता पुन्हा पुन्हा यायची. पेटीसमोर बसून मला उलट शिकवून दाखवायची. एकदा हसत म्हणाली, "माही सासू मनते, सून कायले जाते तेथी? साप घरी काय कमी हायेत?"

त्याच सुमारास एका विश्वस्त शेठजींची सून पाहायला आली. तिला दिवस गेलेले होते. मण्यारीसमोर तिला भोवळ आली. दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः हजर.

"तिवारीजी, ये ज़हरीले साँप औरतों को दिखाने की ज़रूरत क्या है? मोर दिखाओ, खरगोश दिखाओ."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शेठजी, बायका सशाला घाबरत नाहीत. ज्याला घाबरतात तेच त्यांना माहीत असायला हवं."

शेठजींना ते आवडलं नाही. दिवाळीपासून बुधवारी विषारी पेट्यांवर पडदा टाकायचा, असं ठरलं. पडद्याचं हिरवं कापडसुद्धा येऊन पडलं.

मग श्रावण आला. साहेब कामासाठी नागपूरला गेले होते. बुधवार नव्हता, म्हणून मी पुढच्या दालनात काचा पुसत होते. बाहेर पहारेकऱ्याशी कुणीतरी हुज्जत घालत होतं. पाहते तर भागरता. पदर खांद्यावरून घसरलेला, पाय चिखलानं भरलेले, हातात फडकं बांधलेलं मडकं.

"बाई, चाला. माह्या सासूले डसला. सासरा मनते कवड्या हाये. मी मनतो मन्यार हाये. डागदरापुढं भांडन चालू हाये. तुमी चाला."

आम्ही जवळजवळ धावतच दवाखान्याकडे निघालो. वाटेत तिनं सांगितलं. सासू पहाटे पोट दुखतं म्हणून उठली. घरच्यांना वाटलं अपचन. भागरतानं चटई उचलली तर खाली साप. दिरानं काठीनं ठेचला. सासरा म्हणाला, कवड्या आहे, काही होत नाही, गावातल्या जाणत्याला बोलवा. "मी आयकलं नाई, बाई. मी बैलायची रेंगी जुपाले लावली. सासरा मांगून शिव्या देत आला, तिरोड्यापावतर. मंग रेलगाडीत बसलो. गाडीत बुडीचे डोरेच उघडेनात, तवा तो गप बसला."

दवाखान्यात सासू खाटेवर होती. किरकोळ बांध्याची, पांढऱ्या केसांची. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बोलणं घोगरं झालेलं. सासरा भिंतीला टेकून उभा. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दंशाची खूण सापडत नाही. लक्षणं मण्यारीची वाटतात. पण हिला जुना दमा आहे. सापाच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून करतात, दम्याच्या माणसाला ती कधीकधी सहन होत नाही. साप बिनविषारी असेल आणि मी लस दिली, तर मीच तिला मारीन. मण्यार असेल आणि दिली नाही, तर ती वाचणार नाही. तुम्ही साप ओळखता ना?"

"कवड्या हाये तो," सासरा मध्येच म्हणाला. "उभ्या जिनगीत असे किती मारले म्या."

मी मडक्यावरचं फडकं सोडलं आणि साप लाकडी टेबलावर ठेवला. दिरानं डोकं आणि मान पार चेचून टाकली होती. पट्टे कुठून सुरू होतात हे मी बायकांना वर्षभर शिकवलं होतं, आणि पाहायला मानच शिल्लक नव्हती. उरलेलं अंग चिखलानं माखलेलं.

मी पाणी मागितलं. साप धुतला. साहेबांनी भिंगाखाली दाखवलेलं आठवलं. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर खवल्यांची एक वेगळी रांग असते, शेजारच्यांपेक्षा मोठे, षटकोनी खवले, डोक्यापासून शेपटीपर्यंत ओवलेले. मी खिडकीच्या उजेडात पाठ धरली. रांग होती. मग शेपटी उलटी केली. खालचे खवले कवड्याला दोन-दोन असतात, मण्यारीला एकेरी. हे एकेरी होते, शेवटपर्यंत.

"मण्यार आहे," मी म्हणाले.

"नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

"नक्की."

मला खरोखर माहीत होतं. आयुष्यात इतक्या खात्रीनं मी फार थोड्या गोष्टी बोलले आहे.

डॉक्टरांनी पुन्हा काही विचारलं नाही. दम्याचं औषध हाताशी ठेवून त्यांनी लस द्यायला सुरुवात केली, थेंबाथेंबानं, तिचा चेहरा पाहत. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, त्यांनी थांबून ती आवरली आणि पुन्हा सुरू केलं. दुपारी मात्र श्वासच उथळ होत गेला. विषानं छातीचे स्नायू ढिले पडत होते. डॉक्टरांनी तिला पालथं घातलं आणि पाठीवर दोन्ही तळवे टेकवून दाबायला, सोडायला सुरुवात केली. ते दमले की कंपाउंडर. कंपाउंडर दमला तशी भागरता पुढे आली.

"मले दाखवा. मी कांडून-कुटून खातो, माहे हात लवकर थकत नाईत."

ती खरंच थकली नाही. दाबायची, सोडायची, आणि पुटपुटत राहायची, "घे व माय. घे दम." त्या घरात त्या दोघींचं फारसं पटत नसे हे मला माहीत होतं. मी पायाशी बसून होते. बऱ्याच वेळानं सासरा भिंतीपासून सुटला. सुनेजवळ जाऊन म्हणाला, "सरक, बाई. जराक मी करतो." त्यानं धोतर खोचलं आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं दाबू लागला.

दिवस कलला तेव्हा श्वास आपला आपण चालू लागला. पापण्या उघडायला आणखी एक-दोन दिवस गेले. डोळे उघडल्यावर बुडीनं पहिलं काय विचारलं, तर म्हशीचं दूध कोण काढून राहिलं?

ही गोष्ट शहरभर झाली. तिवारी साहेब परत आले, सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाले, "पूँछ के नीचे देखा? शाबाश." त्यांच्याकडून मिळालेलं तेवढं एकच प्रशस्तिपत्र. दिवाळीनंतरही पडदा काही लागला नाही. विषारी-बिनविषारी जोड्या लावायची कल्पना मुळात आपलीच, असं शेठजी पाहुण्यांना सांगू लागले. मी कधी दुरुस्ती केली नाही. पेट्या उघड्या राहिल्या, मला तेवढंच हवं होतं. त्या हिरव्या कापडाचे मनिरामनं पोरींना झगे शिवले.

भागरताच्या गावाहून पुढच्या हंगामाआधी बायकांची अख्खी रेंगी आली. सासऱ्यानं पाठवली होती. तो स्वतः फाटकाबाहेर बैलांजवळ बसून राहिला. बुधवार होता, पुरुषांना आत यायची सोय नव्हती, आणि मला वाटतं त्यालाही ते सोयीचंच होतं.

त्या बायकांत सासूबाई होत्या. भागरतानं त्यांना हाताला धरून सरळ मण्यारीच्या पेटीपुढे नेलं. कौलाच्या तुकड्याखाली ती वेटोळं करून पडली होती.

"हाच का?" बुडीनं मला विचारलं.

"तो नाही, आजी. त्याच्या जातीचा."

"येवढासाच?"

"एवढासाच."

ती खाली बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. बराच वेळ तिनं त्या काळ्या, चकचकीत वेटोळ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिवी देईल किंवा हात जोडेल. या खोलीत लोक दोन्ही करायचे.

"याले कान हायेत का, बाई?"

"नाहीत."

"मंग मी बोलली तं याले आयकू येनार नाई."

"नाही येणार."

तरी ती पुढे झुकली, काचेच्या अगदी जवळ गेली, आणि शेजारणीशी बोलावं तसं हळूच म्हणाली, "तुहं काई चुकलं नाई, बाप्पा. मीच झोपीत तुह्या आंगावर कड पलटली."